जुनी एसी लाईन काढायची ठीक आहे, पण काढताय कशी?

सध्या कुठल्याही गावात जा, रस्ता खोदलेला सापडतोच. जलजीवन मिशन असो, अमृत २.० असो, चोवीस तास पाणी योजना असो, नाव काहीही असलं तरी एस्टिमेटमधे एक ओळ ठरलेली असते, "जुनी जीर्ण एसी पाईपलाईन काढून नवीन डीआय / एचडीपीई पाईपलाईन टाकणे". एसी म्हणजे ॲसबेस्टॉस सिमेंट, सिमेंटमधे ॲसबेस्टॉस या खनिजाचे बारीक तंतू मिसळलेलं; डीआय म्हणजे लोखंडी पाईप, एचडीपीई म्हणजे प्लास्टिकचा. आता नवीन पाईप कुठल्या क्लासचा, किती एमएमचा, त्याचं टेस्टिंग कुठे होणार, गाडीतून उतरवताना दोरी कशी लावायची, यावर पानंच्या पानं लिहिलेली असतात. आणि जो जुना पाईप निघणार तो कोणी कापायचा, कशाने कापायचा, तुकडे कुठे टाकायचे? मी जी एस्टिमेटं वाचलीयत त्यातल्या बहुतेकांत यावर फक्त "डिसमँटलिंग" एवढा एक शब्द, त्यापुढे रनिंग मीटरचा रेट, संपलं.

त्या एका शब्दात काय काय बसतं ते रस्त्यावर बघायला मिळतं. जेसीबीचं बकेट खाली जातं, पाईप कडकन तुटतो, मग तुटकं टोक सरळ करायला एक पोरगा खड्ड्यात उतरतो, त्याला वरून दगड कापायचा कटर देतात, आणि पुढची पाच मिनिटं तो पोरगा दिसतच नाही इतकी धूळ. नाकाला रुमाल बांधलेला असतो, बांधला असेल तर. वर उभे असलेले सुपरवायझर दोन पावलं मागे सरकतात, डोळ्यात जाते म्हणून. तुकडे खड्ड्यातच, किंवा ट्रॉलीत, किंवा कोणीतरी मागून घेऊन जातं बांधाखालून पाणी काढायला, गोठ्यापुढच्या मोरीला, कुंड्या करायला. फुकटचा पाईप कोण सोडतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हा पाईप जमिनीत गपचूप पडलाय तोवर त्याच्यापासून फार घाबरायचं कारण नाही, धोका आहे तो आपण त्याला कापतो, फोडतो, घासतो तेव्हा, आणि तो धोका ज्याच्या छातीत जातो तो माणूस ना नगरसेवकाच्या भाषणात असतो ना कागदावर. आणि हे काम सुरक्षित करायचं असेल तर मार्च महिन्यातल्या सुरक्षा सप्ताहातली शपथ आणि पोस्टर यांनी होणार नाही, टेंडरमधे त्याचा वेगळा आयटम आणि वेगळा रेट आला तरच होईल. आपल्याकडे ज्याला रेट नाही ते काम होत नाही, हे साइटवर दोन दिवस काढलेल्या कोणालाही विचारा.

आधी हा पाईप आला कुठून ते थोडं. सिमेंटमधे साधारण दहा ते पंधरा टक्के ॲसबेस्टॉसचे तंतू मिसळायचे, त्याचा पातळ थर रूळावर गुंडाळत गुंडाळत पाईप बनवायचा. इटलीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तंत्र निघालं आणि जगभर गेलं. लोखंड महाग होतं, मिळतही नव्हतं, हा पाईप गंजत नाही, हलका, आतून गुळगुळीत, स्वस्त. आपल्याकडे त्याला आयएस १५९२ हे मानक आहे, टाकायचा कसा त्याला आयएस ६५३० आहे. त्यामुळे ज्या इंजिनियरांनी तेव्हा हजारो गावांना या पाईपाने पाणी दिलं त्यांना आज शिव्या देण्यात अर्थ नाही, डोक्यावरचा हंडा त्याच पाईपाने उतरवलाय. पण जो पाईप टाकताना भारी होता तो काढताना तितका साधा नाही हे त्यांनी पुढच्यांना सांगितलं नाही, आणि पुढच्यांनी विचारलं नाही.

आता पाण्याचं. दर दोनचार महिन्यांनी कुठल्यातरी सर्वसाधारण सभेत कोणीतरी उठून म्हणतं की शहराला कॅन्सरचं पाणी पाजताय, एसी लाईन ताबडतोब बदला. टाळ्या पडतात, पेपरला चौकोन येतो, प्रस्ताव जातो. पण जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या ॲसबेस्टॉसला मर्यादाच घातलेली नाही, कारण गिळलेल्या तंतूंनी कॅन्सर होतो असा ठोस आणि सुसंगत पुरावा त्यांना मिळालेला नाही. अमेरिकेने सावधगिरी म्हणून मर्यादा घातलीय, एका लिटरमधे ७० लाख लांब तंतू. म्हणजे प्रश्न शून्य आहे असं नाही, पाईप आतून झिजत असेल तर पाणी तपासावं, गळती वाढली तर लाईन बदलावीच. पण "कॅन्सरचं पाणी" हा धाक दाखवून घाईघाईत अख्खं गाव खणून काढायचं आणि ते खणताना पन्नास मजुरांना तीच धूळ श्वासातून द्यायची, हा कुठला न्याय? गिळलेल्या तंतूंबद्दल शास्त्रज्ञांना शंका आहे, श्वासातून गेलेल्याबद्दल कोणालाच नाही. आणि आपण नेमका शंकेचा मुद्दा घेऊन खात्रीचा धोका ओढवून घेतो, वर त्याला लोकहित म्हणतो.

श्वासातून गेलेला तंतू काय करतो हे काही आजचं संशोधन नाही. १९६० मधे दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरच्या ३३ केसेस मांडल्या, त्यात नुसते खाणकामगार नव्हते, खाणीच्या आसपास लहानपण गेलेली माणसंही होती. १९६५ मधे लंडनमधल्या अभ्यासात घरी बसून नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायकाही सापडल्या. आज आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने ॲसबेस्टॉसचे सगळे प्रकार, सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्यासकट, पहिल्या गटात म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्यांत टाकलेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने कामाच्या ठिकाणच्या ॲसबेस्टॉसने जगात वर्षाला दोन लाखांहून जास्त माणसं मरतात. आणि पांढरा तेवढा वाईट नाही असं ज्यांना म्हणायचंय त्यांना एवढंच सांगतो की जगभर जुन्या प्रेशर पाईपांत निळा ॲसबेस्टॉसही मिसळायचे, जो सगळ्यात जहाल, आणि चाळीस वर्षांपूर्वी गाडलेल्या पाईपात नेमकं काय आहे ते लॅबमधे तपासल्याशिवाय खड्ड्यात उभं राहून कोणालाही सांगता येणार नाही.

खरी अडचण काळाची आहे. तंतू आज छातीत गेला तर आजार वीस वर्षांनी, कधी चाळीस वर्षांनी. म्हणून जुना फिटर छातीठोकपणे सांगतो की अहो साहेब आम्ही आख्खी हयात हेच पाईप कापले, काय झालं आम्हाला? त्याचं खरं असेलही, सगळ्यांनाच होत नाही. पण ज्यांना झालं ते हे सांगायला साइटवर नाहीत ना. ते गावी गेले, दम लागायला लागला, कोणी टीबी म्हणालं, कोणी तंबाखू म्हणालं, संपलं. बीड, नांदेड किंवा थेट झारखंडहून आलेल्या कंत्राटी मजुराने अमुक साली अमुक गावात एसी पाईप कापला होता याची नोंद कुठेच नसते, मग त्याच्या आजाराचा आणि त्या पाईपाचा संबंध लावणार कोण.

आणि हे फक्त लाईन बदलतानाच होतं असंही नाही. एसी पाईप ठिसूळ. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्या त्या हालचालीने पाईप मधोमध आडवा तडकतो. कोकणात उलटी गोष्ट, जांभ्याची आम्लधर्मी जमीन आणि मऊ पाणी, ते सिमेंटमधला चुना हळूहळू ओढून घेतात, पाईप वरून धड दिसतो आणि आतून भुसभुशीत झालेला असतो, नखाने खरवडला तरी निघतो. म्हणजे गळती नेहमीची, दुरुस्ती नेहमीची, आणि दुरुस्तीला जाणारी टीमही नेहमीची तीच चार माणसं. त्यात घरगुती नळ कनेक्शन. २०१९ मधे जलजीवन सुरू झालं तेव्हा देशात सव्वातीन कोटीच्या आसपास ग्रामीण घरांत नळ होता, आज तो आकडा पंधरा कोटींच्या वर गेलाय. यातली किती कनेक्शनं जुन्याच एसी लाईनवर सॅडल म्हणजे पट्टा बसवून, भोक पाडून, त्यात फेरूल म्हणजे जोडणीची तोटी ठोकून दिलीत याचा विचार करा. प्रत्येक भोक म्हणजे मूठभर भुकटी, आणि ती भुकटी फुंकर मारून साफ करणारा प्लंबर.

बरं, हे टाळायला काही रॉकेट सायन्स लागतं का? अजिबात नाही. मला राग येतो तो इथेच.

पहिलं म्हणजे पाईप ओळखा. राखाडी, गुळगुळीत, आत लोखंडाची सळी नाही तो एसी, सळी किंवा जाळी दिसली तर तो ह्यूम पाईप म्हणजे आरसीसी. शंका असेल तर एसीच समजून चाला. मग जेसीबी पाईपाच्या वर हातभर अंतरावर थांबवा, खालचं टिकाव-फावड्याने हलक्या हाताने. मग शक्यतो कापूच नका! जुन्या लाईनला बऱ्याच ठिकाणी सीआयडी जॉइंट, म्हणजे बिडाचे सुटे होणारे जोड, असतात, बोल्ट सोडले की अख्खा पाईप सुटतो, तीन-चार मीटरचा तुकडा आहे तसा वर काढता येतो. बोल्ट गंजलेत म्हणून वेळ जातो हे मान्य, पण गंजलेला बोल्ट कापा की, पाईप कशाला कापताय. कापायचाच झाला तर चेन कटर, ज्याला स्नॅप कटर म्हणतात, साखळी पाईपभोवती आवळायची आणि दाब द्यायचा, पाईप कट् करून तुटतो, धूळ जवळपास नाही. ते नसेल तर हाताची करवत, सावकाश. फिरत्या डिस्कचा कटर, ग्राइंडर मात्र नाही म्हणजे नाही, सगळी धूळ तिथूनच येते.

आणि ओलं ठेवा. खड्ड्यात पाणीच पाणी असतं आणि पाईप मात्र कोरडा कापतात, हा विनोद मला कधीच कळला नाही. शेतकऱ्याचा पाठीवरचा फवारणी पंप घ्या (औषध मारलेला नको, नवा घ्या), त्यात पाण्याबरोबर भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, म्हणजे पाणी पाईपात मुरतं, आणि एक माणूस सतत फवारत राहील असं बघा. भोक पाडायचं तर हातड्रिलने, आणि भोकाच्या जागी आधी शेव्हिंग फोमचा जाड लपका, भुकटी त्यातच अडकते, ओल्या फडक्याने फोमसकट पुसायची, फडकं पिशवीत. खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला हवा, कारण ओली भुकटी आज निरुपद्रवी वाटली तरी उद्या उन्हात वाळली की पुन्हा धूळच. झाडू नको, फुंकर नको.

मास्कबद्दल जरा थांबतो, कारण इथे सगळ्यात जास्त फसवाफसवी चालते. हे तंतू केसापेक्षा शेकडो पट बारीक असतात, रुमाल, गमछा, कोरोनातला निळा सर्जिकल मास्क यांचा उपयोग शून्य, उलट काहीतरी बांधलंय म्हणून माणूस धुळीत जास्त वेळ उभा राहतो. एफएफपी३ दर्जाचा किंवा पी१०० फिल्टरवाला हाफ मास्क लागतो, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसायला दाढी साफ हवी, नाहीतर हवा कडेने आत. आता मे महिन्याच्या उन्हात हा मास्क लावून खड्ड्यात काम करून बघा, दहा मिनिटांत माणूस तो कपाळावर चढवतो, त्याला दोष देता येत नाही. म्हणून मास्क हा शेवटचा उपाय, आधी धूळच होणार नाही असं काम. ज्या साइटवर मास्क वाटल्याचा फोटो आहे पण फवारणी पंप नाही तिथे फोटोसाठी काम चाललंय एवढं समजा.

कपडे साइटवरच बदलायचे, पिशवीत भरून वेगळे धुवायचे, घरी नाही न्यायचे. लंडनच्या त्या बायकांचं वर सांगितलंच.

काही शहाणी मंडळी म्हणतील की खणायचंच कशाला, ट्रेंचलेस करा, पाईप बर्स्टिंग करा. म्हणजे जुन्या पाईपात एक डोकं ओढत न्यायचं, ते जुना पाईप फोडत जातं आणि मागून नवा एचडीपीई येतो. रस्ता वाचतो, वाहतूक वाचते, स्मार्ट वाटतं. पण एसीच्या बाबतीत तुम्ही एका अखंड पाईपाचे हजार तुकडे करून रस्त्याखाली पेरता, आणि दहा वर्षांनी तिथे गॅसवाला नाहीतर फायबरवाला येऊन खोदणार, त्याला काहीच माहीत नसणार. अमेरिकेत या मुद्द्यावर बरीच वर्षं घोळ होता, शेवटी २०१९ मधे त्यांच्या पर्यावरण संस्थेने वेगळी पद्धत मंजूर केली, जुना पाईप जमिनीतच ओला दळून त्याचा राडा बाहेर काढायचा. आपल्याकडे ती मशिनरी येईल तेव्हा येईल. तोवर बहुतेक ठिकाणी सगळ्यात शहाणपणाचा आणि सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे जुनी लाईन बंद करून, टोकं सील करून, आहे तिथेच राहू द्यायची, नवी लाईन बाजूने टाकायची, आणि नकाशावर लाल रेघ मारून ठेवायची. इथे गोम अशी की डिसमँटलिंगचा रेट मिळतो म्हणून काही ठिकाणी उगाचच काढली जाते.

कायद्याचं बघायला गेलं तर आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही, पण ते खड्ड्याच्या काठापर्यंत येऊन थांबतात. सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ ला, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या केसमधे सांगितलं की ॲसबेस्टॉसच्या कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर, जपून ठेवा, विमा उतरवा. चांगला निकाल, पण तो होता खाणी आणि कारखान्यांसाठी. नगरपालिकेचा खड्डा कारखाना नसतो. आयएस ११७६९ मधे ॲसबेस्टॉस सिमेंटचं सामान सुरक्षित कसं वापरायचं याच्या सूचना आहेत, १९८७ सालच्या, मी भेटलेल्या कॉन्ट्रॅक्टरांपैकी कोणी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकून दिलेलं ॲसबेस्टॉस यादीत आहे, पण ती नोंद ॲसबेस्टॉसच्या उत्पादनाच्या शीर्षकाखाली येते, म्हणून रस्त्यातून निघालेला पाईप त्यात बसतो की नाही यावर वाद घालायला जागा, आणि जिथे जागा असते तिथे डंपर रात्री रिकामा होतो.

२००६ मधे क्लेमेंसो नावाचं फ्रेंच युद्धजहाज आठवतं का, अलंगला तोडायला येत होतं. त्यातल्या ॲसबेस्टॉसवरून केवढा गदारोळ, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जहाज अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं. योग्यच झालं. पण परदेशातून येणाऱ्या ॲसबेस्टॉसवर तेवढा आवाज आणि आपल्याच गल्लीखालून निघणाऱ्यावर अक्षर नाही.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलिया. तिथे २०१३ मधे ब्रॉडबँडच्या कामात टेलिफोनचे जुने ॲसबेस्टॉसवाले चेंबर उघडताना निष्काळजीपणा झाला हे बाहेर आलं आणि टेलस्ट्रा या तिथल्या टेलिफोन कंपनीने चेंबरचं कामच थांबवलं, माणसांना पुन्हा ट्रेनिंग दिलं. तेही पाईप नव्हे, नुसते चेंबर. युरोपने २०२३ मधे हवेतल्या तंतूंची मर्यादा आधीच्या एक दशांशावर आणली.

आपल्या सरकारचं धोरण काय? बंदी नाही. साठहून जास्त देशांनी बंदी घातली, अमेरिकेनेही २०२४ मधे पांढऱ्यावर घातली, आपण अजून रशिया, कझाकस्तान, ब्राझीलहून आणतोय, आणि कारण दिलं जातं "नियंत्रित वापर केला तर सुरक्षित". मला हे पटत नाही, बंदी हवीच, पण तो वाद आत्ता बाजूला ठेवतो. त्यांचंच वाक्य खरं धरू. नियंत्रित वापर म्हणजे कारखान्याच्या गेटपर्यंत नियंत्रण आणि पुढे रामभरोसे असं तर नाही ना? वापर शेवटच्या माणसापर्यंत असतो, आणि पाईपाच्या बाबतीत शेवटचा माणूस म्हणजे तो खड्ड्यातला पोरगा. तिथे नियंत्रण नसेल तर धोरणाचं ते वाक्य निव्वळ कागद आहे. आणि उद्या बंदी आली तरी आधीच गाडलेला पाईप काही नाहीसा होत नाही, तो पुढची तीस-चाळीस वर्षं निघतच राहणार, म्हणजे हे काम बंदीवाल्यांनाही टळत नाही आणि विरोधवाल्यांनाही.

खर्च वाढेल म्हणतात. वाढेल, थोडा. पण चेन कटर एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो, फवारणी पंप, प्लास्टिक, मास्क हे सगळं नव्या डीआय पाईपाच्या बिलापुढे चिल्लर आहे. खरा खर्च वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला घातक कचऱ्याची केंद्रं आहेत पण गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातून तिथवर तुकडे नेणं महाग पडणार. म्हणून तर म्हणतोय की जमेल तितकं जमिनीतच राहू द्या, जे निघेल ते अखंड काढा, ओलं असतानाच जाड प्लास्टिकमधे दुहेरी गुंडाळा, वर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, आणि तालुक्याला एका बंद शेडमधे साठवून एकदम गाडी करा. आणि हा सगळा खर्च कॉन्ट्रॅक्टरच्या खिशातून मागू नका. त्याने सगळ्यात कमी रेट भरून काम घेतलंय, तो स्वतःहून मास्क विकत घेईल ही अपेक्षाच भाबडी आहे.

म्हणून जीवन प्राधिकरणाने, महापालिकांनी दरसूचीत तीन आयटम घालावेत. एसी पाईप ओल्या पद्धतीने सोडवणे किंवा कापणे, रनिंग मीटरमधे. एसी तुकडे गुंडाळून अधिकृत केंद्रात पोचवणे, टनामधे. आणि या कामावरच्या प्रत्येक माणसाची नाव-गाव-आधारसकट नोंद, छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी, माणशी. तिसऱ्यावर लोक हसतील, पण चाळीस वर्षांनी कुणाच्या पोराला बापाची भरपाई मागायची वेळ आली तर त्याच्या हातात दाखवायला काहीतरी असेल. नकाशाचं काम मात्र याच वर्षी करा, कारण कुठल्या गल्लीत एसी आहे, कुठे मधेच दोन पाईप बदलून पीव्हीसी टाकलाय, हे बऱ्याच गावांत फक्त चावीवाल्याच्या डोक्यात आहे आणि ती पिढी आता रिटायर होतेय.

आणि बिलाला अट लावा. विल्हेवाटीच्या मॅनिफेस्टची, म्हणजे कचरा केंद्रात पोचल्याच्या कागदाची, प्रत आणि ओल्या कामाचे तारीख-वेळेसकट फोटो जोडल्याशिवाय फायनल बिल निघणार नाही, सिक्युरिटी डिपॉझिटही नाही. जो कॉन्ट्रॅक्टर आज चेन कटर म्हणजे काय विचारतो तो आठ दिवसांत दोन घेऊन साइटवर उभा असेल.